खोऱ्यातल्या गावाचा इतिहास तलावाच्या पाळीपासून

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षकांचा प्रश्न असा आहे : "तीन बाजूंनी डोंगर, मधून वाहणारा एक नाला, दोन तलाव, दीडशेच्या आसपास घरे आणि डोंगराच्या पायथ्याशी एक टोला (लहान वस्ती), एवढेच आमचे गाव आहे. गावाचा इतिहास आणि भूगोल लिहून काढण्याचे काम ग्रामपंचायतीने माझ्यावर सोपवले आहे. पण गावात किल्ला नाही, शिलालेख नाही, येथे कधी लढाई झाल्याचे कोणी सांगत नाही. मग लिहायचे काय आणि सुरुवात कोठून करायची?"

गुरुजी, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गावांचे बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामाचे, जुने कागद वाचण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे. त्या आधारावर आधीच सांगतो की तुमच्या गावात लिहिण्यासारखे भरपूर आहे. तुम्ही जी दोन तळी ओघात सांगून टाकलीत, तीच तुमची मुख्य साधने आहेत. धानाच्या पट्ट्यातील लहान खोऱ्याचा इतिहास मुख्यतः तीन गोष्टींचा असतो : पाणी कोणी अडवले, ते कसे वाटले गेले आणि त्यावरचा हक्क कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला. राजांच्या वंशावळी त्यात दुय्यम ठरतात. म्हणून पहिले प्रकरण भूगोलाचे असावे आणि त्याची सुरुवात तलावाच्या पाळीवर उभे राहून करावी.

तलाव आपल्याकडेच इतके का झाले, हे आधी स्पष्ट करून घ्यावे लागेल. अमरावती, अकोला, यवतमाळ हा भाग बहुतांशी काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर आहे. तिथे काळी कपाशीची जमीन आणि विहिरी आहेत. नागपूर सोडून पूर्वेकडे आलो की खालचा खडकच बदलतो. वैनगंगेच्या खोऱ्यात फार प्राचीन, कठीण, स्फटिकी खडक आहेत, आणि भूशास्त्रज्ञ ज्याला साकोली समूह म्हणतात त्या खडकांच्या डोंगररांगा मधून मधून उठलेल्या आहेत. या खडकांत पाणी मुरायला वाव कमी असतो. पाऊस वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चांगलाच पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून नाल्यांनी निघून जातो. धानाला बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, उभे पाणी लागते, आणि पीक निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) वेळी पावसाने पंधरा दिवस ओढ दिली तर हाताशी आलेले धान जाते. दोन टेकड्यांमधील अरुंद जागी मातीची पाळ घालून पावसाळ्याचे पाणी धरून ठेवणे आणि ताण पडेल तेव्हा ते सोडणे, हा यावर येथील लोकांनी शोधलेला उपाय आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. तुमचे दोन त्यांपैकीच होत.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवावा. तुमचा तालुका बहुतांशी ६४ डी या मालिकेतील पत्रकांवर येईल. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. समोच्च रेषा पाहून डोंगरमाथ्यांवरून पाणलोटाची रेषा पेन्सिलीने ओढा. ही रेषा आणि महसुली शिवाराची सीमा एकमेकींवर कोठे बसतात आणि कोठे बसत नाहीत, ते विद्यार्थ्यांना पाहू द्या. ज्या डोंगरावरचे पाणी तुमच्या तलावात येते, तो डोंगर कागदोपत्री शेजारच्या गावात किंवा वनविभागाच्या कक्षात असणे अगदी शक्य आहे, आणि तसे असेल तर गावाच्या अनेक जुन्या भांडणांचे मूळ तेथेच सापडेल. तुमचा नाला गाढवी नदीला मिळतो की चुलबंदला, हेही नकाशावरून निश्चित करून लिहा. दोन्ही नद्या वैनगंगेला मिळतात, वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला जाते. हा क्रम एका वाक्यात यावा. त्यावर परिच्छेद खर्च करू नये.

त्यानंतर माथ्यापासून नाल्यापर्यंत एक आडवा छेद चालत पाहावा. वर खडकाळ बरडी, त्याखाली खरडी आणि सिहार, उताराच्या पायथ्याशी मोरंड आणि अगदी सखल जागी कोठे कन्हार, अशी जमीन बदलत जाते. बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांनी हीच नावे गावकऱ्यांकडून उचलून सारा ठरवण्यासाठी वापरली, म्हणून आज तुम्ही टिपलेली जमिनीची प्रत जुन्या कागदाशी ताडून पाहता येते. कोणत्या बांध्यांना तलावाचे पाणी मिळते, कोणत्या निव्वळ पावसावर आहेत, कोणत्या बांधीत धान कापण्यापूर्वीच ओलीवर लाखोळीचे (लाखेच्या डाळीचे) बी फेकतात, कोठे जवस होतो, पऱ्हे (धानाची रोपे) कोठे टाकतात, हे सारे त्याच छेदावर मांडा. प्रत्येक बांधीला गावात एक नाव असते, ते सातबाऱ्यावर कधीच नसते. ती नावे गट क्रमांकासह लिहून घ्या. भांडवल न लागता हाती येणारा याहून मोलाचा ऐवज मला माहीत नाही.

आता तलावांविषयी, आणि येथे थोडे थांबावे असे मला वाटते. एकेका तलावाचे स्वतंत्र टिपण करा : पाळीची लांबी पावलांनी मोजा, पाण्याचा येवा कोणत्या दिशांनी येतो ते पाहा, जादा पाणी ज्या सलंगावरून वाहते ते नैसर्गिक खडकावर आहे की बांधून काढलेले आहे ते तपासा, आणि पाणी सोडायची मोरी कोठे आहे व तिच्यातून निघालेला पाट कोणत्या बांध्यांतून जातो ते चालत जाऊन पाहा. वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात जाते का, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बऱ्याच खोऱ्यांत तलावांची साखळी असते आणि वरच्या टोकाला लहान बोड्या असतात. वरच्या बोडीत गाळ अडतो, त्यामुळे खालचा मोठा तलाव लवकर भरून येत नाही. ही रचना एका माणसाने एका वर्षात केलेली नसते. पिढ्यान्‌पिढ्या पाणी कोठून कसे वाहते हे पाहून ती वाढत गेलेली असते, आणि तिचा नकाशा काढला की गाव कोणत्या क्रमाने वसले याचा अंदाज बांधता येतो.

तलाव बांधणाऱ्यांमध्ये कोहळी समाजाचे नाव प्रथम येते. तुमच्या तालुक्यातीलच नवेगाव बांध हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडी मातीच्या पाळींनी बुजवून तो तलाव उभा केला, असे परंपरा आणि जिल्ह्याचे गॅझेटियर दोन्ही सांगतात. त्यांना कोलासूर देव म्हणून लोक पुजतात आणि भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गाव आणि तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन दिली, तसेच कोहळी काशीकडून आणले गेले, अशाही कथा एकोणिसाव्या शतकातील अहवालांत नोंदवलेल्या आहेत. तुमच्या गावात अशी कथा मिळाली तर ती सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा आणि "असे सांगतात" हे शब्द गाळू नका. कथेतून तारीख काढायचा हट्ट धरू नये. मात्र तीत कोणाचा मान पहिला आहे, पाळीवर कोणत्या देवाचे ठाणे आहे आणि पूजेचा नारळ कोण फोडतो, हे बारकाईने पाहावे. पाळीवरच्या देवाचा भूमक (पुजारी) गोंड असेल आणि तलावाचे बांधकाम कोहळ्यांच्या नावे असेल, तर तलावाच्या आधीही या खोऱ्यात वस्ती होती असे म्हणायला आधार मिळतो.

आणखी एका मोहापासून सावध करतो. पवनीला स्तूप सापडला, तिथले उत्खनन १९६९-७० मध्ये झाले. वाकाटकांचे ताम्रपट याच प्रदेशात मिळाले. नागभीड-चामोर्शीकडे महापाषाणयुगीन शिलावर्तुळे आहेत. हे सारे खरे असले तरी तुमच्या गावाच्या शिवारात तसा अवशेष प्रत्यक्ष दिसत नसेल, तर वाकाटकांना तुमच्या पुस्तिकेत बोलावू नका. अलीकडे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेची सुरुवात प्राचीन काळापासून होते आणि गावाचे स्वतःचे दोनशे वर्षांचे, कागदांनी सिद्ध होणारे आयुष्य शेवटच्या पानावर ढकलले जाते. त्यापेक्षा नागपूरकर भोसल्यांपासून सुरुवात केली तरी पुरे. पहिल्या रघुजींनी १७४३ मध्ये नागपूरचा कारभार हाती घेतला आणि १७५१ च्या सुमारास चांद्याचे राज्यही त्यांच्याकडे आले. त्या व्यवस्थेत गावचा पाटील सरकारशी साऱ्याची रक्कम ठरवून गाव चालवत असे. तो गावाचा मालक नव्हता. तिसरे रघुजी अल्पवयीन असताना, १८१८ पासून पुढे काही वर्षे, इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या देखरेखीखाली कारभार चालला. त्यांचा १८२७ चा अहवाल या प्रदेशातील गावव्यवस्था समजून घ्यायला आजही उपयोगी पडतो. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला.

तुमच्या गावाच्या दृष्टीने खरा बदल मात्र त्यानंतर, १८६० च्या दशकातील बंदोबस्तात झाला. सारा गोळा करणाऱ्या पाटलाला इंग्रजांनी गावाचा मालक ठरवले, आणि मालगुजार हा वर्ग कायद्याने तयार झाला. शेजारच्या वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, तेथे शेतकरी थेट सरकारला सारा भरू लागला. आपल्याकडे गावठाण, पडीक, गावाच्या शिवारातले जंगल आणि तलाव हे सारे मालगुजाराच्या मालकीत गेले. विदर्भाचा इतिहास सरसकट एकाच रंगाने रंगवणारे लेख हा फरक विसरतात. कपाशीच्या मुलखातील सावकारी आणि सातबारा यांची भाषा धानाच्या मुलखाला जशीच्या तशी लावता येत नाही.

मालकी गेली तरी गावाचा वहिवाटीचा हक्क पूर्णपणे बुडाला नाही, आणि तो कोठे लिहिला आहे हे तुम्हांला माहीत हवे. बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक मौजाचा "वाजिब-उल-अर्ज" तयार केला जाई. तलावाचे पाणी कोणत्या क्रमाने द्यायचे, पाळीची दुरुस्ती कोणी करायची, मासेमारी कोणाची, गुरांना चराई कोठे, जळण आणि नांगराचे लाकूड कोठून आणायचे, मोहफूल कोण वेचणार, शेजारच्या गावाला या गावाच्या जंगलात काय हक्क आहे, हे सारे त्यात कलमवार असते. याच्या जोडीला "निस्तारपत्रक", म्हणजे चराई, जळण, लाकूड अशा गावाच्या गरजांसाठीच्या जमिनींचे पत्रक, असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही या दोन्ही दस्तऐवजांना जागा आहे : निस्तारपत्रकासाठी कलम १६१ आणि वाजिब-उल-अर्जासाठी कलम १६५. गावाचा इतिहास म्हणून याहून चांगला कागद मिळणे कठीण आहे, कारण दोन बाजूंमधले भांडण मिटवून त्यातले प्रत्येक वाक्य लिहिलेले असते. एखाद्या कलमात ढिवरांविषयी, म्हणजे मासेमार समाजाविषयी, "ढिवरांनी मालगुजारास अमुक द्यावे" असे असेल, तर ते देणे पूर्वी वादाचे होते हे समजून घ्यावे.

हे कागद शोधताना काही व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे तालुक्यात किंवा गोंदियात काही मिळाले नाही म्हणून थांबू नये, भंडाऱ्याच्या अभिलेख कक्षातही चौकशी करावी. मागताना गावाचे नाव, बंदोबस्त क्रमांक आणि जुनी तहसील ही तिन्ही लिहा, कारण एकाच नावाची चार-चार गावे असतात. तुमचा भाग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, म्हणून कागदांच्या भाषेत हिंदी-फारसी शब्दांचा भरणा असेल : मिसल, खसरा, रकबा, सीर, खुदकाश्त, आबादी. ही शब्दावली पुस्तिकेच्या शेवटी दोन पानांत समजावून सांगावी. गावाचा जुना नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. मध्य प्रांतात तो एका मैलाला सोळा इंच या प्रमाणावर काढत असत. त्यावर तलावाचे पोट, पाळ, पाट, गुरांच्या वाटा आणि आखर (गुरे जमवण्याची जागा) स्वतंत्र दाखवलेले असतात. आजच्या गट नकाशावर तो ठेवून पाहिला की तलावाच्या पोटात किती शेती घुसली आहे ते कोणी न सांगता दिसते.

याच नकाशांत आणि जनगणनेच्या गावयाद्यांत "रिठी" गावे आढळतील, म्हणजे ज्यांना नाव, क्रमांक आणि शिवार आहे पण घर एकही नाही. तुमच्या खोऱ्यात अशी एखादी रिठी असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. पटकी, देवी, वाघाचा उपद्रव, फुटलेला तलाव, अशी कारणे लोक सांगतात. एक कारण आकड्यांतही दिसते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वैनगंगेच्या धानपट्ट्याची कंबर मोडली. १९०१ च्या जनगणनेत तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे ११ टक्क्यांनी ती घटली होती. ज्या प्रदेशात तलाव होते तेथेही हे घडले, कारण पाऊसच न पडल्यावर तलाव भरत नाहीत. तलावांनी दुष्काळ कायमचा हटवला असे अलीकडे भाषणांतून ऐकू येते, ते म्हणूनच अर्धवट आहे. तलाव पावसाची ओढ निभावतो, कोरडे वर्ष निभावत नाही. या दुष्काळांनंतर सरकारने स्वतः मोठे तलाव बांधायला घेतले. चंद्रपूरकडील आसोलामेंढा आणि घोडाझरी हे त्यांतलेच.

रेल्वेचा परिणामही थोडक्यात यावा. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा मार्ग १८८० च्या दशकात तयार झाला आणि गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याकडे जाणारी अरुंद मापाची गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस आली. ती रुंद मापाची झाली ती शतकाच्या अखेरीस. गाडीने तांदूळ बाहेर नेला, गोंदियाला गिरण्या उभ्या राहिल्या आणि तेंदूपानांवर विडीचा धंदा वाढला. त्याच गाडीने गिरणीचे कापड आत आणले आणि गावोगावच्या जाडेभरडे कापड विणणाऱ्या मागांचा आवाज थांबला. तुमच्या गावात माग होते का, ते कोणाच्या घरी होते आणि ती माणसे पुढे काय करू लागली, हे वृद्धांकडून विचारून घ्या.

आता १९५१ कडे येऊ. माझ्या मते तुमच्या पुस्तिकेचे हे मधले प्रकरण असायला हवे. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५० मध्ये मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. घरची शेती मालगुजाराकडे राहिली. पडीक, जंगल, गावठाण आणि गावाच्या उपयोगाचे तलाव सरकारजमा झाले. खासगी वहिवाटीच्या जमिनीतील तलाव मात्र मूळ मालकाकडे राहू शकत होते. तुमच्या दोन तलावांपैकी एक "सरकारी" आणि एक "खासगी" का, असा प्रश्न गावात असेल तर उत्तर बहुधा येथे मिळेल. माजी मालगुजारी या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन अशा तलावांना "मामा तलाव" म्हणण्याची पद्धत पडली. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्यावर लहान तलावांची देखभाल त्यांच्याकडे गेली.

कागदावर हा बदल न्याय्य होता आणि मी तो न्याय्यच मानतो. मालगुजारीच्या काळाला सोन्याचे दिवस म्हणणारे लोक वेठ विसरतात. उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायला जाणारी माणसे आपखुशीने जात होती असे समजायचे कारण नाही. कुळांना पाणी मिळे, पण मालगुजाराच्या बांध्या आधी भरत. परंतु दरवर्षी पाळ पाहणारा, उंदरा-खेकड्यांची बिळे बुजवून घेणारा, मोरी वेळेवर उघडणारा आणि गाळ काढायला माणसे लावणारा जो एक जबाबदार हात होता, तो गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. मालक दूरचे कार्यालय झाले. ज्यांच्या बांध्या भिजत होत्या त्यांना दुरुस्तीचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना अधिकार होता त्यांच्या बांध्या तेथे नव्हत्या. पुढची तीस-चाळीस वर्षे गाळ साचत गेला, येव्यावर शेते झाली, पाण्यात बेशरम ही वनस्पती पसरली, तलावाच्या पोटात गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेले पीक) लावणाऱ्यांना तलाव न भरणेच सोयीचे वाटू लागले, तर मासेमारीचा ठेका घेणाऱ्यांना पाणी शेवटपर्यंत टिकावे असे वाटू लागले. शेतकरी, ढिवर आणि गाळपेरवाले यांच्यातला हा ताण आजही तुमच्या ग्रामसभेत असेल. तो झाकू नका, तिघांचेही म्हणणे शेजारी शेजारी छापा. शासनाच्या २०१७ नंतरच्या गाळ काढण्याच्या योजनांतून तुमच्या तलावाचे काम झाले असेल तर किती खोल खणले आणि गाळ कोणत्या बांध्यांत पडला हेही नोंदवा. यंत्राने तळ फार खोल खरवडला तर पाणी धरणारा थर निघून जातो, अशी तक्रार अनेक गावांत ऐकायला मिळते.

जंगलाचेही असेच झाले. मालगुजाराच्या जंगलातला निस्तार सरकारच्या जंगलात आला, आणि गवत-झुडपांच्या ज्या जमिनींवर गावाची गुरे चरत त्या कागदावर "झुडपी जंगल" राहिल्या. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर या नोंदीला भलतेच वजन आले. शाळा, स्मशान, आबादी सुद्धा अशा जमिनीवर असल्याचे अनेक गावांच्या उशिरा लक्षात आले. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगलाला वनजमीन म्हणूनच पाहावे असा निकाल दिला आहे. त्यामुळे तुमच्या गावातील असे प्रत्येक गट क्रमांक, त्यांचा जुना उपयोग आणि आजचा उपयोग यांची यादी पुस्तिकेत असली तर ती नुसती हौसेची बाब राहणार नाही.

माणसांविषयी लिहिताना जातवार घरांचा तक्ता छापून मोकळे होऊ नये. त्यापेक्षा कोणत्या घाटावर कोण पाणी भरत होते, हे विचारावे. बहुतेक तलावांवर घाट वेगळे होते आणि महारवाड्याचा घाट कोठे होता हे आजही वयस्कर बाया बोटाने दाखवतात. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे होते आणि पराभूत झाले. त्या प्रचाराच्या आठवणी कोणाच्या घरी असतील तर त्या घ्याव्यात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेसाठी गावातून कोण गेले, परत आल्यावर घाटाचे आणि गावकामाचे काय झाले, विहार केव्हा उभे राहिले, हे तुमच्या खोऱ्याच्या इतिहासातील मोठे वळण आहे आणि ते जवळजवळ सगळे अजून तोंडीच आहे. टोल्यावरच्या गोंड घरांची देव-संख्या (कुळाच्या देवांची संख्या) आणि गोत्रे विचारताना घाई करू नये. परधान (गोंडांचे पारंपरिक भाट) अजून येत असतील तर त्यांना गावाच्या गोष्टी जास्त ठाऊक असतात. ढिवरांकडून तलावातील माशांची आणि पाण-वनस्पतींची नावे घ्या, शिंगाडा केव्हापासून लावला जातो ते विचारा. दिवाळीनंतरची मंडई (जत्रा), दंडार (लोकनाट्य) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांवर एक-दोन पानांपेक्षा अधिक जाऊ नये, त्यावर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे.

अलीकडच्या काळाच्या तीन नोंदी पुरेत. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण १९७० च्या सुमारास झाले आणि खालच्या अंगाच्या गावांना कालवा मिळाला. तुमचे गाव कालव्याच्या वर राहिले की खाली, यावर पुढची पन्नास वर्षे ठरली असतील. प्रतापगड-गोठणगाव परिसरात १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, तिच्याशी तुमच्या गावाचे देणे-घेणे असेल तर ते लिहावे. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्यानंतर गुरांच्या कोणत्या वाटा बंद झाल्या, ते जुन्या नकाशावर लाल रेघेने दाखवता येईल.

कामाचा क्रम विचाराल तर पावसाळ्यात पाणी वाहत असताना येवा आणि सलंग पाहून घ्या, कापणीनंतर बांध्यांची नावे गोळा करा, कागदांसाठीचे अर्ज मात्र आजच टाका, कारण नकला मिळायला वेळ लागतो. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हातात जुन्या नकाशाची मोठी प्रत ठेवा. "पूर्वी कसे होते?" असे विचारले की ठरावीक उत्तर मिळते, नकाशावर बोट ठेवून "या पाटाचे पाणी कोणाला मिळे?" असे विचारले की माणूस बोलू लागतो. एकाने सांगितलेली सीमा दुसऱ्या बाजूच्या माणसाला विचारल्याखेरीज छापू नये. जे वाद न्यायालयात आहेत त्यांतील माणसांची नावे पुस्तिकेत घेऊ नयेत.

वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक यांच्या साध्या छायाप्रतींवर समाधान मानू नका, प्रमाणित नकला घ्या आणि एक संच ग्रामपंचायतीत, एक शाळेत ठेवा. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये, गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे आणि वृद्धांची जबानी हे सारे पुरावा म्हणून धरले आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये याच कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तुमच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्काचा दावा अजून केला नसेल किंवा तो अर्धवट पडून असेल, तर पुस्तिकेसाठी जमवलेले हेच कागद वनहक्क समितीलाही द्या, आणि पाणी देण्याच्या क्रमाविषयीची कलमे ठळक अक्षरात वेगळी छापून ग्रामसभेत वाचून दाखवा, म्हणजे ती आजच्या वहिवाटीशी कोठे जुळतात आणि कोठे नाहीत याची नोंद इतिवृत्तात येईल.